रासायनिक समीकरणाचा ताळा

वरिष्ठ प्राथमिक वर्गांत विज्ञान शिकविताना ज्या थोड्या घटकांपाशी चांगले विद्यार्थीही अडखळतात, त्यांत रासायनिक समीकरणे संतुलित करण्याचा घटक प्रमुख आहे. गणितात हुशार असलेली मुले येथे चुकतात आणि पाठांतरात तरबेज असलेली मुले पुढे जातात, असे विपरीत चित्र अनेक वर्गांत दिसते. या विपरीत चित्राचे मूळ विषयाच्या अवघडपणापेक्षा तो शिकविण्याच्या क्रमात अधिक आहे. तो क्रम नीट लावला, तर हा घटक आनंददायक ठरतो व मुलांच्या विचारशक्तीला चांगले वळण देतो.

एका खेड्यातील शाळेत आठवीच्या वर्गात घडलेला प्रसंग येथे उपयोगी पडेल. गुरुजींनी फलकावर एच₂ + ओ₂ → एच₂ओ असे लिहून ते संतुलित करावयास सांगितले. (संज्ञा फलकावर पाठ्यपुस्तकाप्रमाणे रोमन अक्षरांतच लिहाव्यात, या पुस्तिकेत त्यांचे उच्चार देवनागरीत छापले आहेत.) एका मुलीने उजव्या बाजूस एच₂ओ₂ असे लिहून आणले. गुरुजींनी त्यावर फुली मारली. मुलीने विचारले, “गुरुजी, डावीकडे दोन-दोन आहेत, उजवीकडेही दोन-दोन झाले. मग चुकले कुठे?” तास संपत आला होता. गुरुजी म्हणाले, “पुस्तकात उत्तर दिले आहे, ते उतरवून घे.” मुलीने आपले उत्तर खोडले, पुस्तकातील उत्तर वहीत उतरविले, आणि पुढे परीक्षेत तिला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले.

या प्रसंगात कोणाचे काय गेले, हे प्रत्येक शिक्षकाने विचारात घेण्याजोगे आहे. मुलीची मोजणी अचूक होती. तिचा प्रश्न योग्य होता. फुलीचे कारण तिला कळले नाही, एवढेच तिला कळले की आपण केलेल्या मोजणीवर या विषयात विसंबता येत नाही. गुण मिळाले, पण स्वतःच्या बुद्धीवरचा तिचा विश्वास त्या दिवशी थोडा कमी झाला. हे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही.

समीकरण हा कशाचा हिशेब आहे

रासायनिक अभिक्रियेत अणू नव्याने निर्माण होत नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत. त्यांची मांडणी तेवढी बदलते. म्हणून अभिक्रियेपूर्वी प्रत्येक मूलद्रव्याचे जितके अणू असतात, तितकेच अभिक्रियेनंतरही असावयास हवेत. समीकरण म्हणजे या देवघेवीचा जमाखर्च होय. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च; दोन्ही बाजूंची बेरीज जुळली म्हणजे ताळा पटला.

या विचाराला शास्त्रात भक्कम स्थान मिळवून दिले ते फ्रेंच शास्त्रज्ञ अँत्वान लव्हाझिए यांनी. त्यांचे आयुष्य १७४३ ते १७९४ असे होते. ते सरकारी करवसुलीच्या संस्थेत भागीदार होते, आणि हिशेबातील काटेकोरपणा त्यांच्या प्रयोगांतही दिसतो. अभिक्रियेपूर्वीचे व नंतरचे सर्व पदार्थ, त्यांत वायूही, तोलून पाहण्यावर त्यांचा कटाक्ष होता. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या रसायनशास्त्राच्या पाठ्यग्रंथात द्राक्षरस आंबण्याची क्रिया त्यांनी समीकरणाच्या रूपाने मांडली: एका बाजूस द्राक्षरस, दुसऱ्या बाजूस कर्बवायू व मद्यार्क. आज वर्गात लिहिली जाणारी समीकरणे या दृष्टीचीच पुढची पायरी आहेत.

सूत्रातील अंक आणि सूत्रापुढील अंक

मुलांच्या बहुतेक चुका एकाच ठिकाणी उगम पावतात. समीकरणात दोन प्रकारचे अंक असतात. एक, संज्ञेच्या पायाशी लिहिलेला लहान अंक. दुसरा, सूत्रापुढे लिहिलेला पूर्ण आकाराचा अंक, ज्यास सहगुणक म्हणतात. पायाशी असलेला अंक पदार्थ कोणता आहे हे सांगतो. सहगुणक त्या पदार्थाचे रेणू किती आहेत हे सांगतो. समीकरण संतुलित करताना सहगुणक बदलता येतो. पायाचा अंक बदलता येत नाही.

हा नियम केवळ सांगितल्याने मुलांस पटत नाही, कारण कागदावर दोन्ही अंक सारखेच अंक दिसतात. येथे बैलगाडीचे उदाहरण द्यावे. बैलगाडीला चाके दोन. सुताराकडे सहा चाके असतील तर तीन गाड्या होतील. सात चाके असतील तर एक चाक उरेल, किंवा आणखी एक चाक आणून चौथी गाडी जोडावी लागेल. हिशेब जुळविण्यासाठी कोणी तीन चाकांची बैलगाडी करीत नाही. केली तर तिला बैलगाडी म्हणत नाहीत. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू असतो. त्यात ऑक्सिजनचा आणखी एक अणू घातला, तर हिशेब जुळेल, परंतु पदार्थ पाणी राहणार नाही. तो हायड्रोजन पेरॉक्साइड होईल, जो काही दवाखान्यांत जखम धुण्यासाठी सौम्य द्रावणाच्या रूपात वापरतात व जखमेवर टाकताच फेसाळतो.

पायाचा हा अंक शास्त्रज्ञांनाही सहजासहजी सापडलेला नाही, हे मुलांना अवश्य सांगावे. आधुनिक अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन हे इंग्लंडमधील एका खेड्यातील विणकराचे पुत्र. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ते आपल्या गावच्या शाळेत मुलांना शिकवू लागले होते. १८०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी पाण्यात हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचा एक अणू असतो, असे गृहीत धरले होते. ते चूक ठरले. १८११ मध्ये अ‍ॅव्होगाड्रो यांनी मांडलेले व १८५८ मध्ये कॅनिझारो यांनी स्पष्ट करून दाखविलेले विचार सर्वमान्य होईपर्यंत सूत्रांविषयी मतभेद चालूच होते. जो अंक निश्चित करण्यास शास्त्रज्ञांची अर्धी शतके खर्ची पडली, तो खडूच्या एका फटकाऱ्याने बदलता येणार नाही, हे मग मुलांना आपोआप उमगते. शिवाय डाल्टनसारखा माणूसही सूत्रात चुकला होता, हे ऐकून चुकलेल्या मुलाची मान खाली जात नाही.

पहिला तास: दाण्यांची मोजणी

पहिल्या तासास फलकावर समीकरण लिहू नये. मूठभर हरभरे व मूठभर चिंचोके आणावेत. हरभरा म्हणजे हायड्रोजनचा अणू, चिंचोका म्हणजे ऑक्सिजनचा अणू असे ठरवावे. जमिनीवर खडूने मधोमध एक रेघ ओढून डाव्या बाजूस दोन वर्तुळे काढावीत. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक रेणू. एका वर्तुळात दोन हरभरे, दुसऱ्यात दोन चिंचोके ठेवावेत. उजव्या बाजूस पाण्याची वर्तुळे करावयाची आहेत. प्रत्येकात दोन हरभरे व एक चिंचोका.

खेळाचे नियम तीनच. एकही दाणा हातात उरता कामा नये. खिशातून सुटा दाणा काढता कामा नये. हवे असल्यास डाव्या बाजूस संपूर्ण नवे वर्तुळ मागावे. पाण्याच्या वर्तुळात ठरल्यापेक्षा कमी-अधिक दाणे ठेवता कामा नयेत.

पाण्याचे एक वर्तुळ पूर्ण होताच मुलाच्या हातात एक चिंचोका उरतो. येथे शिक्षकाने गप्प राहावे. कोणी तो चिंचोका त्याच वर्तुळात ठेवू पाहील; सोबतीच त्याला अडवतील. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणेल, “हायड्रोजनचे अजून एक वर्तुळ हवे.” ज्या क्षणी हे वाक्य मुलाच्या तोंडून निघाले, त्या क्षणी सहगुणकाची कल्पना त्याला समजली. ते वाक्य शिक्षकाने आधीच उच्चारले, तर हा पाठ निष्फळ झाला असे समजावे. आता डावीकडे हायड्रोजनची दोन वर्तुळे, ऑक्सिजनचे एक, आणि उजवीकडे पाण्याची दोन वर्तुळे दिसतील. तीच वर्तुळे मोजून मग फलकावर लिहावे: २एच₂ + ओ₂ → २एच₂ओ.

दुसरा तास: वजनकाट्यावरील प्रयोग

दाणे हरवत नाहीत हे खेळात ठरवून घेतलेले असते. पदार्थ हरवत नाही हे मात्र प्रत्यक्ष दाखवावयास हवे. त्यासाठी गावातील किराणा दुकानाचा वजनकाटा तासाभरासाठी मागून आणावा. आदल्या दिवशी बाटलीभर पाण्यात चमचाभर खाण्याचा चुना ढवळून ठेवावा. रात्रभरात चुना तळाशी बसतो. वरची स्वच्छ निवळी दुसऱ्या बाटलीत अलगद काढून घ्यावी. धुण्याचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवून तिसऱ्या बाटलीत भरावा.

निवळीची व सोड्याची अशा दोन्ही बाटल्या झाकणांसह काट्यावर ठेवून वजन फलकावर लिहावे. नंतर सोड्याचे द्रावण निवळीत ओतावे. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ द्रावणे एकत्र येताच पांढरी होतात. रिकामी बाटली व सर्व झाकणे पुन्हा काट्यावर ठेवून वजन करावे. नवा पदार्थ डोळ्यांदेखत तयार झाला, पण काट्यावरील आकडा बदलला नाही, हे मुले स्वतः वाचतात. निवळी, सोडा व तयार झालेले द्रावण ही तिन्ही डोळ्यांस व त्वचेस अपायकारक असल्याने ओतण्याचे काम शिक्षकानेच करावे, मुलांना हात लावू देऊ नये व नंतर भांडी भरपूर पाण्याने धुवावीत.

काही पुस्तकांत या जागी खाण्याचा सोडा, व्हिनेगर व फुगा यांचा प्रयोग दिलेला असतो. बाटलीच्या तोंडाशी बांधलेला फुगा कर्बवायूने फुगतो. या प्रयोगात काटा एखादा ग्रॅम कमी दाखवू शकतो, हे शिक्षकास आधी ठाऊक असावे. विहिरीत बुडालेली कळशी पाण्यात असेपर्यंत हलकी वाटते. तद्वत फुगलेला फुगा हवेत जागा व्यापतो आणि तेवढ्या हवेच्या वजनाइतका हलका भासतो. एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम असते. काट्यावरचा कमी आकडा वाचणाऱ्या मुलास “नीट बघ, वजन तेवढेच आहे” असे सांगणे हा मोठा प्रमाद होय. काट्याने जे दाखविले तेच फलकावर लिहावे आणि मग त्याचे कारण शोधावे. पुस्तकातील नियम खरा ठरावा म्हणून डोळ्यांनी पाहिलेले नाकारण्याची सवय मुलांस लागली, तर विज्ञान शिकविण्याचा हेतूच बुडतो.

फलकावरील क्रम

तिसऱ्या तासास लेखनाकडे वळावे. प्रथम समीकरण शब्दांत लिहावे. नंतर प्रत्येक पदार्थाचे सूत्र लिहून ते बरोबर असल्याची खात्री करावी. खात्री होताच प्रत्येक सूत्राभोवती चौकट आखावी. चौकटीच्या आत खडू न्यावयाचा नाही. अंक लिहावयाचा तो चौकटीच्या बाहेर, डाव्या अंगास. ही साधी युक्ती पायाचा अंक बदलण्याची चूक बव्हंशी थांबविते.

उदाहरणादाखल गोबरगॅसमधील मुख्य ज्वलनशील वायू मिथेन घेऊ. तो जळून कर्बवायू व पाण्याची वाफ तयार होते: सीएच₄ + ओ₂ → सीओ₂ + एच₂ओ. फलकावर तीन स्तंभ आखून मूलद्रव्य, डावीकडील अणू व उजवीकडील अणू लिहावेत. कार्बन डावीकडे १, उजवीकडे १. तो जुळला आहे. हायड्रोजन डावीकडे ४, उजवीकडे २. म्हणून पाण्यापुढे २ लिहावा. आता ऑक्सिजन मोजावा. उजवीकडे कर्बवायूतील २ व पाण्यातील २ मिळून ४ होतात. म्हणून डावीकडे ऑक्सिजनपुढे २ लिहावा. सीएच₄ + २ओ₂ → सीओ₂ + २एच₂ओ.

ऑक्सिजन शेवटी का घेतला, हे मुलांनाच विचारावे. तो उजवीकडे दोन पदार्थांत विभागलेला आहे. आधी तो जुळविला तर पुढे पुन्हा बिघडतो. याउलट डावीकडे तो एकटाच असल्याने त्याच्यापुढील अंक बदलल्याने दुसऱ्या कोणाचा हिशेब बिघडत नाही. म्हणून जे मूलद्रव्य दोन्ही बाजूंस एकेकाच पदार्थात आहे ते प्रथम, आणि जे सुटे आहे ते शेवटी, असा क्रम सोयीचा ठरतो.

चुना व सोड्याच्या प्रयोगाचे समीकरण यानंतर घ्यावे. कॅल्शियम हायड्रॉक्साइड व सोडियम कार्बोनेट यांपासून कॅल्शियम कार्बोनेट व सोडियम हायड्रॉक्साइड तयार होते. येथे हायड्रॉक्साइड व कार्बोनेट हे अणुगट न फुटता जसेच्या तसे पलीकडे जातात. म्हणून प्रत्येक गट एक नग धरून मोजावा. कॅल्शियम दोन्हीकडे १, कार्बोनेट दोन्हीकडे १. सोडियम डावीकडे २, उजवीकडे १. हायड्रॉक्साइड डावीकडे २, उजवीकडे १. उजवीकडील सोडियम हायड्रॉक्साइडपुढे २ लिहिताच दोन्ही उणिवा एकदम भरून निघतात. ज्या बाटलीतील पांढरा गढूळपणा मुलांनी काल पाहिला, तिचाच हिशेब आज फलकावर जुळतो, याचे त्यांना समाधान वाटते.

साडेसहा रेणूंचे काय करावे

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन व ब्यूटेन हे वायू असतात. ब्यूटेनचे सूत्र सी₄एच₁₀. तो जळतो तेव्हा कार्बनचे ४ अणू असल्याने कर्बवायूपुढे ४, आणि हायड्रोजनचे १० असल्याने पाण्यापुढे ५ येतात. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू ८ व ५ मिळून १३ होतात. डावीकडे ऑक्सिजन दोनाच्या जोडीने येतो. म्हणजे साडेसहा रेणू लागतील. हुशार मुले येथे थांबतात व आपण चुकलो असे समजून सर्व पुसून टाकतात. त्यांना थांबवावे. साडेसहा हा हिशेबातील टप्पा आहे. अर्धा रेणू वेगळा काढता येत नाही, म्हणून सर्वच अंकांची दुप्पट करावी: २सी₄एच₁₀ + १३ओ₂ → ८सीओ₂ + १०एच₂ओ. आता ताळा पाहावा. कार्बन ८ व ८. हायड्रोजन २० व २०. ऑक्सिजन २६, आणि उजवीकडे १६ व १० मिळून २६. प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी असा ताळा मुलांनी स्वतः लिहिलाच पाहिजे. ताळा पाहणाऱ्या मुलास आपले उत्तर बरोबर आहे की नाही हे विचारण्यासाठी शिक्षकाकडे यावे लागत नाही, आणि हाच या घटकाचा मोठा लाभ आहे.

समीकरण काय सांगत नाही

अंक जुळले म्हणजे अभिक्रिया घडतेच, असा समज होऊ देऊ नये. तांबे व हायड्रोक्लोरिक आम्ल यांपासून कॉपर क्लोराइड व हायड्रोजन मिळतो, असे समीकरण कागदावर उत्तम जुळविता येते; परंतु तांबे या आम्लातून हायड्रोजन मुक्त करीत नाही. घडते काय, हे प्रयोग सांगतो. घडलेल्या गोष्टीचा हिशेब कसा लिहावा, हे समीकरण सांगते. ही मर्यादा सांगितली नाही, तर मुले कागदालाच सृष्टी समजू लागतात.

स्वाध्याय

१. प्रोपेन (सी₃एच₈) जळून कर्बवायू व पाणी तयार होते. समीकरण लिहून संतुलित करा व ताळा पाहा.

२. नायट्रोजन (एन₂) व हायड्रोजन (एच₂) यांपासून अमोनिया (एनएच₃) तयार होतो. युरिया खताच्या कारखान्यात ही अभिक्रिया महत्त्वाची असते. समीकरण संतुलित करा.

३. एका मुलाने सीएच₄ + ओ₄ → सीओ₂ + २एच₂ओ असे लिहिले. त्याची मोजणी तपासा. मोजणी बरोबर असूनही समीकरण का चुकले, ते दोन वाक्यांत लिहा.

४. हायड्रोजन पेरॉक्साइडचे (एच₂ओ₂) विघटन होऊन पाणी व ऑक्सिजन तयार होतात. समीकरण संतुलित करा.

सहगुणक डावीकडून अनुक्रमे असे: पहिल्यात १, ५, ३, ४, दुसऱ्यात १, ३, २, चौथ्यात २, २, १. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहावे. तेथे शिक्षकाने वाक्य सांगू नये.

प्रारंभी उल्लेखिलेल्या शाळेत पुढे काय झाले, ते सांगून हा पाठ संपविणे उचित होईल. परीक्षेनंतर उजळणीच्या तासास गुरुजींनी हायड्रोजन पेरॉक्साइडची लहान बाटली वर्गात आणली आणि त्या मुलीला फलकापाशी बोलावले. “त्या दिवशी तू जो पदार्थ लिहिलास, तो हा,” ते म्हणाले. “तुझी मोजणी बरोबर होती. पदार्थ दुसरा झाला होता. मी तेव्हाच सांगावयास हवे होते.” नंतर त्यांनी त्याच सूत्रापासून नवे समीकरण लिहावयास सांगितले. मुलीने सूत्राभोवती चौकट आखली, थोडा वेळ मोजले, आणि चौकटीबाहेर २ लिहिला. ताळा पाहून ती जागेवर जाऊन बसली. बरोबर आहे का, असे तिने विचारले नाही.